अठरा नखी

नखं वाढली की आमच्या घरात ती आधी ऐकू येतात. रात्री दिवे मालवून पडलं की हॉलमधून टक्-टक्-टक् असा आवाज निघतो, स्वयंपाकघराच्या दाराशी थांबतो, ओट्याखाली कोणी काही सांडून ठेवलंय का याची चौकशी करतो आणि बाल्कनीकडे वळतो. मोत्या या क्षणी कुठे आहे हे अंथरुणातून न उठता सांगता येतं. खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी एकदा लिफ्टमध्ये माझ्या लेकीला कौतुकाने विचारलं, रात्रीचा कथ्थकचा रियाज कोण करतं? "आमचा कुत्रा," ती म्हणाली. आजोबांनी गंभीरपणे मान डोलावली. हल्ली कोण कुठला क्लास लावेल याचा नेम नाही, हे त्यांना बहुधा आधीच पटलेलं असावं.

हा आवाज म्हणजे नोटीस असते. कुत्रा बोटांवर चालतो. आपण ज्याला त्याचा उलटा गुडघा समजतो ती खरं तर त्याची टाच, आणि ती कायम हवेत. नीट उभ्या राहिलेल्या कुत्र्याचं नख जमिनीला जेमतेम लागावं, शक्यतो लागूच नये. लांबलं, की दर पावलाला जमीन नखाला मागे रेटते, नख बोटाला रेटतं, बोटं फाकतात आणि तो जीव सगळा भार मागच्या पायांवर टाकून चालायला लागतो. गुळगुळीत फरशीवर घसरतो. वय झालं की सांध्यांचं दुखणं वाढतं, त्यात याचाही हात असतो. म्हणून दर तीन-चार आठवड्यांनी नखं कापायची. डॉक्टरांनी हे एका वाक्यात सांगितलं आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. त्या एका वाक्यात किती माणसांचे किती रविवार जाणार आहेत, याची त्यांना कल्पना असणारच. पण तेही शेवटी माणूस आहेत. दवाखान्यात आणलेल्या प्रत्येक कुत्र्याची नखं त्यांनीच कापायची म्हटलं तर त्यांचे रविवार जातील.

मोत्या शुद्ध गावठी आहे. गंगापूर रोडवरच्या एका रोपवाटिकेमागे, शेणखताच्या पोत्यांमध्ये तो भावंडांसकट सापडला. पाठ काळी, पोट काळं, शेपूट काळं. फक्त पुढच्या डाव्या पंजाची दोन बोटं पांढरी, चुन्याच्या डबीत बुडवून काढल्यागत. या दोन बोटांचं महत्त्व पुढे येईल. घरात आणल्या आणल्या लेकीने त्याचे फोटो काढले, नवऱ्याने त्याचं वजन केलं आणि सासूबाईंनी त्याची नखं मोजली.

"अठरा," त्या म्हणाल्या आणि त्याला खाली ठेवलं.

"मग? बरोबर आहेत की. चारही पायांची मिळून सोळा, आणि पुढचे दोन अंगठे."

"अठरा नखी खेटरे राखी, वीस नखी घर राखी," आईंनी निकाल दिला.

ही म्हण मांजर आणि कुत्र्याबद्दल आहे असं म्हणणारे लोक आहेत. आईंना ते मान्य नाही. त्यांच्या माहेरी, ज्या कुत्र्याच्या मागच्या पायांनाही अंगठे असतात तो दारावर ठेवायचा आणि बाकीच्यांनी चपलांपाशी बसायचं, अशी वर्गवारी होती. मोत्या चपलांच्या वर्गातला निघाला. त्याने खेटरं राखली मात्र नाहीत, खाल्ली. नवऱ्याचे कारखान्यातले लोखंडी टोपीचे सेफ्टी शूज तेवढे बचावले.

आईंच्या माहेरचा वाडा जुन्या नाशकात, तिवंध्याजवळ. तिथल्या कुत्र्याची नखं कोण कापायचं, असं मी एकदा विचारलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी कावळ्याच्या पंखांना तेल कोण लावायचं असं विचारलंय.

"कापायची कशाला? दिवसभर उंडारायचं, रात्री जोत्यावर येऊन पडायचं." मग थोड्या वेळाने त्यांना न्हावी आठवला. "आमची नखं काढायला यायचा ना, नराणी घेऊन. त्याला कुत्र्याची काढ म्हटलं असतं तर परत वाड्यात पाय ठेवला नसता त्याने."

मला वाटतं, सगळं उत्तर त्या जोत्यात आहे. अंगणात दगडी फरसबंदी, गल्लीत दगड, नदीवर घाटाचा दगड. जुनं नाशिक काळ्या बसाल्टवर उभं आहे आणि काळ्या बसाल्टनेच बांधलेलं आहे. सरदार रंगराव ओढेकरांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस काळारामाचं देऊळ उभारलं, त्याला रामशेजच्या डोंगरातला पाषाण वापरला असं सांगतात. देवळाला घडवलेला, घोटलेला दगड लागला. बाकी गावाच्या वाट्याला आला तो खरखरीत. त्या खरखरीत दगडावरून दिवसभर भटकणाऱ्या प्राण्याचं नख जेवढं वाढायचं तेवढं झिजायचं. निसर्गाने कुत्र्याच्या नखाची वाढ ठरवली ती ही झीज धरूनच. जमाखर्च बरोबर जुळत होता, शिल्लक शून्य.

मग माणसांनी घरं सुधारली. सारवलेल्या जमिनीवर शहाबादी फरशी आली. ती निदान खरबरीत तरी होती, पावसाळ्यात तिला ओल यायची आणि उन्हाळ्यात माणसं तिच्यावर उघडी पडायची. पुढे मोझॅक आलं. ते घोटणारं यंत्र घरात आलं की पांढरा चिखल आणि घरघर यांनी आठवडा खायचा. मग स्पार्टेक टाइल्स. आणि आता व्हिट्रिफाइड, जिच्यात छताचा दिवा जसाच्या तसा दिसतो आणि सँपल फ्लॅट दाखवणारा माणूस तो दिवा तुम्हाला वाकून बघायला लावतो. प्रत्येक पिढीने आपल्या पायाखालची जमीन आणखी गुळगुळीत करून घेतली. आपण तिच्यावर चप्पल घालून चालतो, कारण ती थंड लागते. कुत्र्याला कोणी विचारलं नाही. चौथ्या मजल्यावरच्या त्या आरशावर मोत्याची नखं वाजतात, सरकतात, झिजत मात्र नाहीत.

आमच्या कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीशी एक भुरा कुत्रा राहतो. त्याला घर नाही, डॉक्टर नाही, कार्डावर लसीच्या तारखा नाहीत. पण त्याची नखं बघावीत! आखूड, गोलसर, एकसारखी. डांबर, खडी, पेव्हर ब्लॉक आणि अधूनमधून उघडी पडलेली माती यांनी त्याची फुकटात आणि रोजच्या रोज सेवा चालवली आहे. मोत्याला घेऊन मी टपरीवरून जाते तेव्हा दोघं एकमेकांचं सगळं हुंगून घेतात. भुऱ्या मोत्याच्या पंजांशी जरा जास्त रेंगाळतो. मला उगाच ओशाळल्यासारखं होतं.

"ताई, नखं वाढतात म्हणजे फिरणं कमी पडतंय," डॉक्टर दुसऱ्या खेपेला म्हणाले. ते मोत्याबद्दल बोलत होते, पण खोलीत उभ्या असलेल्या दोन्ही माणसांनी पोट आत घेतलं. घरी येताना गाडीत कोणी बोललं नाही. गंगापूर नाक्याच्या सिग्नलला नवरा म्हणाला, "सकाळी मी नेतो. संध्याकाळी तू." सिग्नल सुटला तेव्हा त्याची सकाळची शिफ्ट त्याला आठवली.

फिरायला जागा नाही असं नाही. सोमेश्वरला नदीच्या पात्रात उघडा कातळ आहे, धबधब्याच्या आसपास तर हवा तेवढा. आनंदवलीच्या बाजूला अजून मातीच्या वाटा शिल्लक आहेत. पहाटे तासभर तिथे नेलं, की कानशीला हात न लावता नखं घासून निघतील. पण पहाटेच्या अंधारात या बाजूला कुत्रा घेऊन हिंडायचं म्हणजे बिबट्याचा विचार करावा लागतो. नाशिककरांना हे समजावून सांगायची गरज नाही. जिल्ह्यातल्या नदीकाठच्या उसात बिबट्यांच्या पिढ्या वाढल्या आहेत. ऊस तुटला की ती मंडळी नवी जागा शोधत निघतात, आणि बंगल्यातलं कुत्रं हे त्यांना हरणापेक्षा फार सोपं पडतं. २०१९च्या जानेवारीत तर सावरकरनगरसारख्या भर वस्तीत बिबट्या शिरला होता आणि त्याने माणसांनाही जखमी केलं होतं. त्यानंतर आमच्या भागात पहाटेचं फिरणं उजाडल्यावर सुरू होऊ लागलं.

यात एक बारीकसा अन्याय मला दिसतो. बिबट्या चालताना नखं आत ओढून घेतो. ती जमिनीला लागतच नाहीत, म्हणून झिजत नाहीत आणि धार कायम राहते. कुत्र्याला ही सोय नाही, त्याची नखं चोवीस तास बाहेर. म्हणजे नखं झिजवायला बाहेर जावं, तर वाटेत नखं न झिजवलेला कोणी भेटायचा. या पेचातून सुटायचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे नेलकटर.

माझा नवरा अंबडच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये आहे. त्याच्या जगात एक मिलिमीटर ही फार मोठी गोष्ट असते. तो मायक्रॉनमध्ये रागावतो. नखांचं काम त्याच्याकडे आपसूक गेलं. पहिल्यांदा त्याने कागदावर नखाचा छेद काढला, मापं टाकली, आणि मोत्याच्या एका नखाला व्हर्नियर लावून बघितलं. मोत्याने व्हर्नियर हुंगलं, चाटलं आणि पंजा काढून घेतला. मग नवऱ्याने माणसांचं नेलकटर का चालणार नाही हे आम्हाला समजावलं. आपलं नख चपटं, कुत्र्याचं जवळजवळ गोल. चपट्या पात्यांमध्ये गोल नख धरलं तर ते कापलं जायच्या आधी चेपतं, चिरतं. कुत्र्यांसाठी वेगळी हत्यारं मिळतात. एक पकडीच्या घाटाचं, एक कडीत नख घालून पातं सरकवायचं, आणि तिसरं म्हणजे फिरत्या सहाणेचं ग्राइंडर. ग्राइंडर हा शब्द उच्चारताना नवऱ्याचे डोळे चमकले. ग्राइंडरचा आवाज ऐकून मोत्याचेही चमकले, पण वेगळ्या कारणाने. नवऱ्याची पुढची सूचना मोत्याला एका फिक्स्चरमध्ये बसवण्याची होती. ती घरच्या बैठकीत एकमताने फेटाळली गेली.

खरी अडचण हत्याराची नाही, जिव्हाळीची आहे. नखाच्या आत रक्तवाहिन्या आणि मज्जातंतूंचा जिवंत भाग असतो, बाहेर निर्जीव केराटिन. बैलाचं शिंग, घोड्याचा खूर आणि आपले केस ज्याचे बनलेले असतात तेच. निर्जीव भाग कितीही कापा, कळत नाही. जिव्हाळीला पातं लागलं, की मात्र दुखतं, रक्त येतं आणि कुत्र्याच्या मनात तुमच्याबद्दल एक नोंद होते. पांढऱ्या नखात ही जिव्हाळी आतून गुलाबी दिसते, तिथे काम सोपं. काळ्या नखात काही म्हणजे काही दिसत नाही. तिथे पातळ चकत्या घेत जायचं, दर चकतीनंतर कापलेलं टोक समोरून बघायचं. मधोमध काळसर ओला ठिपका दिसू लागला की थांबायचं. मोत्याची दोन नखं पांढरी आणि सोळा काळी. त्या दोन पांढऱ्या नखांवर हात बसतो, आत्मविश्वास येतो, आणि तिसऱ्या नखाला तो जातो.

लांब राहिलेल्या नखात जिव्हाळीही लांबते. म्हणून कंटाळा केला की पुढच्या वेळी कापायला जागाच कमी उरते. उलट थोडं थोडं, वरचेवर कापत राहिलं, तर ती हळूहळू मागे सरते. चक्रवाढ व्याजाचं गणित एवढ्या स्पष्टपणे मला बँकेतही कोणी दाखवलं नव्हतं.

रक्त आलंच, तर त्यासाठी दवाखान्यात पूड मिळते. ती नसेल तर मक्याचं पीठ दाबून धरायचं. आईंचा भरवसा तुरटीवर. न्हाव्याच्या पेटीतला तुरटीचा खडा त्यांनी लहानपणी पाहिलेला, त्यामुळे तुरटीची बारीक पूड आणि हळद अशा दोन वाट्या त्या आधीच मांडून ठेवतात. शेजारी कुंकू नाही एवढंच. नाहीतर पाहुण्याला वाटेल घरात पूजा आहे. रक्ताचा एक थेंब व्हिट्रिफाइड फरशीवर फार मोठा दिसतो, हेही त्या फरशीचं एक वैशिष्ट्य.

मुहूर्ताचा प्रश्न वेगळाच. शनिवारी नखं कापायची नाहीत. अमावास्येला नाहीत. दिवेलागणीनंतर तर मुळीच नाहीत. सोमवार ते शुक्रवार दिवसाउजेडी घरी कोणी नसतं. राहता राहिला रविवार, आणि रविवारीही एकादशी किंवा संकष्टी निघाली तर आईंचा चेहरा उतरतो. "कुत्र्याला कसली आलीय संकष्टी?" असं नवऱ्याने एकदा विचारलं. "दत्ताच्या पायाशी चार असतात, खंडोबाबरोबर असतो. तुझ्या कारखान्यातला आहे का कोणी देवाबरोबर?" यावर टूलरूमकडे उत्तर नव्हतं.

आता प्रत्यक्ष प्रयोग. माणसं चार: एकाने धरायचं, एकाने खाऊ द्यायचा, एकाने कापायचं, एकाने मोबाइलवरचा व्हिडिओ बघून बाकीच्या तिघांना त्यांचं काय चुकतंय ते सांगायचं. शेवटचं काम लेकीचं. तिच्या व्हिडिओत एक गोरी बाई सोफ्यावर बसून गुणगुणत एका सोनेरी कुत्र्याची नखं कापते आणि कुत्रा घोरतो. आमच्याकडे कपाटाचा तिसरा खण उघडला की मोत्या दिवाणाखाली जातो. या खणात मेणबत्त्या, रबरबँड, जुने चार्जर आणि नेलकटर असतं. मेणबत्तीसाठी उघडला तरी तो जातो. पाव्हलॉव्हला १९०४ साली नोबेल मिळालं ते पचनसंस्थेवरच्या कामाबद्दल. लोकांना आठवतात ती मात्र त्याची लाळ गाळणारी कुत्री. ठरावीक आवाज झाला की आता खायला येणार, एवढं त्या कुत्र्यांना कळत होतं. मोत्याला त्याहून जास्त कळतं. खण उघडताना मेणबत्तीसाठी उघडणारा हात आणि नखांसाठी उघडणारा हात यांत फरक असतो, आणि दुसरा हात जरा जास्तच सहज असण्याचा आव आणतो, हे त्याने ओळखलंय. अशा वेळी तो दिवाणाच्या पार भिंतीकडच्या टोकाला जाऊन बसतो.

यावर शास्त्रोक्त उपाय आहे. रोज खण उघडायचा, नेलकटर दाखवायचं, खाऊ द्यायचा आणि काहीही न कापता नेलकटर परत ठेवायचं. काही दिवसांनी पंजाला नुसतं टेकवायचं, खाऊ. मग रिकामी कट्-कट्, खाऊ. हा उपाय खरंच लागू पडतो, पण त्यातली गंमत अशी, की यात कोण कोणाला शिकवतंय हे लवकरच संदिग्ध होतं. मोत्या आता संध्याकाळी स्वतःच तिसऱ्या खणापाशी येऊन बसतो, खणाकडे बघतो, मग माझ्याकडे बघतो. खण उघडला, खाऊ मिळाला, की उठून जातो. पंजा देणं हे त्याच्या मते करारात नाही.

खाऊ काय द्यावा यावरही नाशकात विचार करावा लागतो. शेजारच्या काकांनी मोठ्या मनाने द्राक्षांचा घड पुढे केला. "दे त्याला एकेक, बघ कसा बसतो." जानेवारी ते मार्च या गावात कोणाच्याही घरी गेलात तरी द्राक्षं समोर येतात, त्यात काकांचं काही चुकलं नाही. पण कुत्र्याने द्राक्षं किंवा मनुके खाल्ले तर मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. किती खाल्ले तर, हेही कुत्र्यागणिक बदलतं, म्हणून एकही द्यायचं नाही. कांद्याचीही तीच कथा, त्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. म्हणजे बघा, लासलगावचा कांदा आणि पिंपळगाव-दिंडोरीकडची द्राक्षं, ज्या दोन गोष्टींवर या जिल्ह्याने नाव कमावलं, त्या दोन्ही मोत्याला विष. तो नाशिककर आहे हे त्याच्या पोटाला कोणी सांगितलेलं दिसत नाही. शेवटी ताटलीला थापलेला चक्का चालला. ताटली चाटायला वेळ लागतो आणि जीभ गुंतलेली असली की पंजाकडे लक्ष कमी राहतं. श्रीखंडासाठी टांगलेल्या चक्क्यातला वाटा कुत्र्याच्या नखांना जातो, हे आईंनी अजून पाहुण्यांना सांगितलेलं नाही.

धरण्याचं काम माझ्याकडे. मला या सगळ्यात तेच आवडतं, कारण एरवी कुत्र्याचा पंजा एवढा वेळ हातात राहत नाही. खालच्या गाद्या राखाडी, जाड, कडेला भेगाळलेल्या. मधली जागा मऊ. त्यांना भाजलेल्या मक्याचा वास येतो. तो तिथे राहणाऱ्या जिवाणूंचा असतो असं वाचल्यावरही मला आवडतो. कुत्र्याला घामाच्या ग्रंथी असतात त्या मुख्यतः इथेच, म्हणून घाबरला की पंजे ओले होतात. दवाखान्यातल्या स्टीलच्या टेबलावर मोत्या उभा राहून गेला, की चार ओले ठसे उरतात. घरी तो तेवढा भीत नाही. घरी तो जांभई देतो. जांभई कंटाळ्याची नसते, हे मला तुरिद रुगोस या नॉर्वेच्या कुत्रेतज्ज्ञ बाईंमुळे कळलं: जांभई देणं, ओठ चाटणं, तोंड फिरवणं ही कुत्र्यांची 'जरा शांत घ्या' असं सांगायची भाषा आहे. मग पाहिलं तर मोत्या आमच्या सगळ्यांना मघापासून तेच सांगत होता. नवरा ओठ चावून चकती घेत होता, लेक व्हिडिओ मागे नेत होती, आई हळदीची वाटी सावरत होत्या, आणि त्या घोळक्यात शांत राहण्याचं भान असलेला एकटा तोच होता.

"या गावात नखांचा इतिहास काही बरा नाही," नवरा घाम पुसत म्हणाला. नदीपलीकडे पंचवटी. जिची नखं सुपाएवढी, तिचं लक्ष्मणाने नाक कापलं, कान कापले. नखांना हात लावला नाही. मला यात आता लक्ष्मणाचा व्यवहारीपणा दिसतो. आणि नखांचा मान तरी केवढा! २०२४ साली लंडनच्या म्युझियममधून वाघनखं साताऱ्याला आली तेव्हा त्यांच्यासाठी बंदोबस्त होता. आमच्याकडे फरशीवर पडलेली मोत्याची काळी चंद्रकोर आई कागदात उचलून नेतात. रात्रीच्या वेळी पायाला लागते म्हणून, असं त्यांचं म्हणणं. पण त्या ती पायाखाली येऊ देत नाहीत.

निफाडकडे आमचे एक नातेवाईक शेती करतात. बैल आहेत. त्यांना हा सगळा सोहळा फोनवर ऐकवला तेव्हा त्यांना ठसकाच लागला. पत्री मारायची तर बैलाला दोरांनी आडवा पाडतात, चारी पाय बांधतात, खूर तासतात, खिळे ठोकतात, आणि अर्ध्या-पाऊण तासात बैल उठून चालायला लागतो. पोळ्याच्या आधी शिंगं साळायची तीही अशीच दाव्याला बांधून. "अन् तुम्ही चौघं एका कुत्र्याला दही चाटवताय," ते म्हणाले. मी म्हटलं, "काका, बैल रात्री तुमच्या अंथरुणात येत नाही ना?" त्यावर ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "नाही, ते खरंय."

तो फरक मोठा आहे. नालबंदाला बैलाशी नातं जपायचं नसतं. तो दुसऱ्या गावचा, पैसे घेऊन निघून जाणारा. आम्हाला मोत्याबरोबर रात्री जेवायचं असतं. हे तुझ्याच भल्यासाठी आहे, असं त्याला सांगता येत नाही, आणि सांगता आलं असतं तरी त्याने ते ऐकलं असतं असं नाही. माझ्या लेकीला सांगता येतं आणि ती ऐकत नाही. म्हणून मग एकच उरतं: त्याने पंजा ओढला की सोडायचा. एकाच दिवशी अठरा नखं झाली पाहिजेत असं कुठे लिहिलंय? आज दोन, परवा एक, कधी नुसताच चक्का. नवऱ्याच्या कारखान्यात अशा वेगाने काम झालं तर ऑर्डर रद्द होईल, पण मोत्याने अजून तरी रद्द केलेली नाही.

बाकीचं काम आम्ही जमिनीवरच सोपवलं. रविवारी उन्हं वर आल्यावर, बिबट्यांची झोपायची वेळ झाली की, सोमेश्वरला कातळावर जातो. मोत्या पळतो, वळतो, पुन्हा पळतो, मध्येच चारही पाय रोवून थांबतो, आणि प्रत्येक थांबण्यात नखांचा थोडा थोडा भाग गोदावरीच्या पात्रात जमा होतो. नवऱ्याने घरी येऊन व्हर्नियर लावलं आणि कातळाची बाजू घेतली. डॉक्टरही म्हणाले, पंजे छान आहेत. आमच्या पोटाकडे बघून मात्र काही बोलले नाहीत.

पण कातळालाही जमत नाहीत अशी दोन नखं उरतात: अंगठ्यांची. पुढच्या पायांच्या आतल्या बाजूला, वर, जमिनीपासून दूर. ती कशालाच घासली जात नाहीत. आणि दुर्लक्ष झालं तर गोल वळत येऊन कातड्यातच रुततात. केसांत लपलेली असल्यामुळे नेमकं त्यांच्याकडेच दुर्लक्ष होतं. ही दोन नखं हा आमच्या घरातला शेवटचा प्रश्न होता, कारण पायाच्या त्या जागेला मोत्या हात लावू देत नाही, चक्का असो वा नसो.

परवा मी ऑफिसातून उशिरा आले. टीव्हीवर आईंची मालिका चालू होती. मोत्या सोफ्यावर त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून पसरलेला, पुढचे पाय त्यांच्या हातात, डोळे मिटलेले. समोरच्या कागदावर दोन काळ्या चंद्रकोरी पडल्या होत्या.

"आई! तुम्ही कापलीत?"

"मग काय. जाहिरात लागली की एक, जाहिरात लागली की एक."

"पण आज शनिवार आहे. आणि दिवेही लागलेत."

आईंनी आवाज वाढवायला रिमोट शोधला. "अगं, ते जमिनीला न टेकणारं नख," त्या म्हणाल्या. "त्याला कुठला आलाय वार."